हळू बोल, आई झोपलीय

लोसाला झोप लागते. उशीला डोकं टेकलं की लागते. माझ्या सुट्टीच्या दोन रात्री मी छताकडे बघत पडलेली असते आणि पलीकडच्या खोलीतून तिचं घोरणं ऐकत असते. रात्री नऊला सुरू, पहाटे पाचला बंद. मग ती कोणी न उठवता उठते, तोंड धुते, आणि तिच्या चेहऱ्यावर अशी काही टवटवी असते की जाऊन एक चिमटा काढावासा वाटतो. माझ्या नणंदेबद्दल मला काय वाटतं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याकडून कोणी मोठ्या मनाची अपेक्षा ठेवायला नको. मी तिच्यावर जळते.

मी फुआतिनो. घरचे तिनो म्हणतात. आम्ही सामोअन, राहतो सिडनीच्या पश्चिमेला माउंट ड्रुइटमध्ये, आणि मी चार वर्षं एका वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. आठवड्यातल्या पाच रात्री. रात्री नऊ वाजता घर सोडते, सकाळी साडेसातला परत येते. येताना बसमध्ये काळा चष्मा लावते, कारण सकाळचं ऊन एकदा डोळ्यांत गेलं की झोप पळालीच. झोपायच्या खोलीच्या खिडकीला मी स्वयंपाकाची चंदेरी फॉइल चिकटवली आहे. पंखा बारा महिने चालू, थंडीतसुद्धा, वाऱ्यासाठी नाही, घरघरीसाठी. फोन तांदळाच्या डब्यात. पहाटे तीननंतर चहा बंद. कामावरच्या एकीने सांगितलं केळं खा, दुसरीने सांगितलं गरम दूध पी, तिसरीने सांगितलं प्रार्थना कर. मी तिन्ही गोष्टी केल्या. तरी सकाळी नऊ वाजता शेजारच्याचं गवत कापायचं यंत्र सुरू होतं, आणि माझे डोळे टक्क उघडतात.

चार तास झोप मिळते, तीही दोन तुकड्यांत. किल्ल्या फ्रीजमध्ये सापडतात, चष्मा कपाळावर असतो आणि मी घरभर शोधते. कधी भांडी घासता घासता उगाच रडू येतं. कामावर मात्र मी पक्की आहे. रात्रपाळीत आवाजाला कोणी घाबरत नाही. म्हातारे घोरतात, खोकतात, मेलेल्या बायकांना हाका मारतात, सगळं ठीक चाललेलं असतं. एखाद्या खोलीतला आवाज अचानक थांबला की मात्र पळायचं. बारा नंबरच्या खोलीतल्या किन्सेला आडनावाच्या आजोबांचा श्वास असा मध्येच थांबतो, आणि मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत पेंगत असले तरी खाडकन उठते. माझे कान आता तसेच झाले आहेत.

मी रात्रपाळी धरली तेव्हा माझी मेरिपा दोन वर्षांची होती. नवरा फिलिपो गोदामात काम करतो, पहाटे पाचला निघतो. मुलीला बघणार कोण? म्हणून फिलिपोने सामोआतल्या सवाई बेटावरून त्याच्या मोठ्या बहिणीला, लोसाला, बोलावून घेतलं. तीन महिन्यांसाठी. ती आजतागायत आहे.

आता हे समजून घ्या की आमच्यात भावासाठी बहीण म्हणजे देवघरातली वस्तू. तिच्यापुढे आवाज चढवायचा नाही, तिचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, आणि तिच्याविरुद्ध बायको काही बोलली तर ते कानाआड करायचं. त्यात लोसाने लग्न केलेलं नाही, सगळं आयुष्य आईबापांची सेवा करण्यात घातलेलं. म्हणजे बोलायला जागाच नाही. दुसरी कुठली नणंद असती तर दोघी भांडून मोकळ्या झालो असतो. ही ना कधी टोमणा मारते, ना तोंड वाकडं करते. भाताचं भांडं माझ्यासाठी टॉवेलात गुंडाळून ठेवते. असल्या बाईवर जळायचं म्हणजे दुप्पट मेहनत.

मेरिपाच्या केसांना लोसाच्या खोबरेल तेलाचा वास येतो. तिची वेणी लोसा घालते तशी, घट्ट, कानामागून. ताप आला की पोरगी झोपेत "आंटी" म्हणते. मी सकाळी घरात शिरते तेव्हा ती शाळेचे बूट घालत असते, आणि माझ्या गालाला गाल लावून कुजबुजते, "आई, छान झोप हं." संध्याकाळी मी उठते तेव्हा तिचा गृहपाठ झालेला, अंघोळ झालेली, शाळेत काय झालं ते सांगूनही झालेलं. कोणाला, ते सांगायला नको. मला उरतं ते शिळं. "शाळेत काय केलंस गं?" विचारलं तर म्हणते, "आंटीला सांगितलंय."

आमच्या खोलीच्या दारावर मेरिपाने काढलेलं चित्र चिकटवलेलं आहे. गोल चेहरा, मिटलेले डोळे, ओठांवर बोट. खाली तिच्या वाकड्या अक्षरांत लिहिलंय, हळू बोल, आई झोपलीय. कोणी पाहुणा आला की मी ते कौतुकाने दाखवायची. केवढी समजूतदार पोर, म्हणायची.

ऑक्टोबरातला दुसरा रविवार म्हणजे आमचा पांढरा रविवार. मुलांचा दिवस. सगळी मुलं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत, एकेक जण चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून पाठ केलेलं बायबलचं वचन म्हणतं, आणि आईबाप पुढच्या बाकांवर बसून ओठ हलवत डोळे पुसतात. घरी गेल्यावर जेवायला आधी मुलं बसतात. मोठ्यांनी वाढायचं आणि मुलांचं पोट भरेपर्यंत उभं राहायचं. वर्षातले बाकीचे रविवार उलटं असतं, म्हणून पोरं त्या दिवसाची वाट बघतात.

गेल्या वर्षी त्या रविवारी मी पाळीवरून आले, पांढरा झगा चढवला, बूट घातले, आणि म्हटलं पाच मिनिटं सोफ्यावर पाठ टेकते. उठले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. बूट पायात, झगा चुरगळलेला, स्वयंपाकघरात भांडी धुतल्याचा आवाज. मला कोणी उठवलं नव्हतं.

"इतकी गाढ झोपली होतीस, उठवायला जीवच होईना," फिलिपो म्हणाला.

माझ्या जागेवर लोसा बसली होती. फोटो फ्रीजवर लावलाय. मध्ये मेरिपा, एका बाजूला तिचा बाप, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या टोपीत लोसा, अगदी तिघांचं कुटुंब. दूध काढायला गेलं की दिसतो. एक वर्ष मी तो फोटो बघत चहा केलाय. म्हणून यंदा मी ठरवलं होतं, जग इकडचं तिकडे होवो, मेरिपा वचन म्हणेल तेव्हा त्या बाकावर मी असेन आणि पहिल्यापासून अखेरपर्यंत प्रत्येक शब्द मी ऐकेन.

सप्टेंबरमध्ये पाद्रीणबाईंचा फोन आला. पाद्र्यांची बायको, मुलांचं सगळं तीच बघते. बाई प्रेमळ आहे, पण वचनाच्या बाबतीत वाघीण. मायक्रोफोन तिला चालत नाही. वचन पोटातून यायला हवं आणि शेवटच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे, हा तिचा नियम.

"तिनो, तुझी मेरिपा हुशार आहे. सहाच्या सहा ओळी पाठ आहेत. पण आवाज कुठाय? ओठ हलतात, ऐकू काहीच येत नाही. पुढच्या रांगेतली पोरं कानाला हात लावून बसतात. मी काय करू?"

"लाजते हो ती."

"लाजत नाही. माझ्याकडे टक लावून बघत असते. तीन आठवडे देते. नाही जमलं तर तिला लहान मुलांच्या घोळक्यात घालते, सगळ्यांबरोबर म्हणेल. राग मानू नकोस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग पाद्रीणबाईंचा नव्हता. शिकवत कोण होतं? लोसा. लोसाचा स्वतःचा आवाज कसा, तर दुधावरची साय. अशा बाईच्या हाताखाली पोर मुकीच होणार! मी त्याच संध्याकाळी जाहीर केलं, "उद्यापासून वचन मी घेणार."

"घे की," लोसा म्हणाली. "पण मग झोपशील कधी?"

"ते मी बघते."

दुसऱ्या दिवशी दुपारी चारचा गजर लावून उठले. मेरिपाला पलंगासमोर उभं केलं. "म्हण. मोठ्याने."

तिने म्हटलं. डासाने म्हटल्यासारखं.

"अगं, मोठ्याने! पोटातून!"

तिने आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा तेवढ्याच आवाजात पहिली ओळ. मी ओरडले, चुचकारलं, चॉकलेट कबूल केलं. तिसऱ्यांदा म्हणायला लावलं आणि तिच्या त्या बारीक, एकसुरी कुजबुजीने माझ्याच पापण्या जड झाल्या. जाग आली तेव्हा अंगावर लावालावा, म्हणजे आमचं कमरेला गुंडाळायचं कापड, पांघरलेलं होतं, पायांवरून नीट खोचलेलं, आणि दार बाहेरून हळूच ओढून घेतलेलं. आठ वाजले होते. मी तशीच कामावर पळाले. असं चार दिवस झालं. पाचव्या दिवशी मी गजर लावला नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मंगळवारी मला साडेचारला आपोआप जाग आली. घर रिकामं. लोसाची चप्पल नाही, मेरिपाची नाही. गेले काही दिवस दोघी दुपारी "ब्रेड आणायला" जात होत्या, आणि ब्रेड आणायला तासभर लागत होता. मी काळा चष्मा चढवला, झोपायच्या कपड्यांवर फिलिपोचं जाकीट घातलं आणि निघाले. दुकानात नव्हत्या. बसथांब्यावर नव्हत्या. रेल्वेच्या कुंपणामागे रग्बीचं मैदान आहे, तिकडून आवाज आला.

कोणाचा आवाज ते मला कळलं नाही. हे मी लिहितेय आणि माझीच मला लाज वाटतेय. एक मूल खणखणीत आवाजात काहीतरी म्हणत होतं, तेही सामोअन भाषेत, आणि माझ्या मनात आलं, कोणाचं गं हे गुणी पोर?

मैदानाच्या एका टोकाला गोलच्या खांबांमध्ये मेरिपा उभी होती. दुसऱ्या टोकाला, सबंध मैदान ओलांडून, लोसा. मेरिपा एक ओळ म्हणायची आणि ऐकू आली की लोसा हात वर करायची. हात वर नाही झाला तर पोरगी छाती भरून घ्यायची आणि पुन्हा. झाडांवरचे पांढरे काकाकुवे कलकलाट करत उडाले तर तिने त्यांनाही मागे टाकलं. सहावी ओळ झाली तशी दोघी धावत मधल्या रेषेवर आल्या आणि लोसाने तिला उचलून गरगर फिरवलं. मेरिपा खिंकाळल्यासारखी हसत होती. माझी मुलगी असं हसते हे मला ठाऊक नव्हतं.

मी पुढे जाऊन टाळ्या वाजवायला हव्या होत्या. कोणतीही चांगली आई तेच करती. मी मैदानाच्या कडेच्या शौचालयाच्या भिंतीआड उभी राहिले आणि माझ्या पोटात पेटलं. तो आवाज माझ्या पोटातून आलेला होता, आणि ऐकत होती ती. चार वर्षं तिने माझी मुलगी दिवसाउजेडी वापरली होती, आणि मला मिळत होती ती रात्रीसाठी झाकून ठेवलेली. मी त्यांच्या आधी घरी पोचले आणि उशीत तोंड खुपसून पडून राहिले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात विचारलं, "ब्रेड मिळाला?"

"मिळाला," मेरिपा आंटीकडे बघत कुजबुजली.

ती खोलीत गेल्यावर मी लोसाला गाठलं. आता आमच्या घरातलं भांडण कसं असतं ते सांगते. मी जागी असले तरी आमच्या घरात कोणाचा आवाज चढत नाही, सवयच राहिलेली नाही. म्हणून आम्ही दोघी सिंकपाशी उभ्या राहून, दात ओठ खात, कुजबुजत भांडलो.

"माझ्या पोरीला माझ्याशी खोटं बोलायला शिकवतेस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं, तिनो."

"मला कशाला वाईट वाटेल? मी कोण? मी आपली पगार आणणारी. आई तर तू आहेस!"

"असं बोलू नये."

"मग घरात का नाही शिकवत? मैदानात का नेतेस चोरून? घराला काय काटे लागलेत?"

लोसाने हातातली ताटली ठेवली. इतकी हळू, की आवाज झाला नाही. "घरात ती मोठ्याने बोलूच शकत नाही. तिला घरात मोठ्याने बोलणं पाप वाटतं. मी नाही शिकवलं ते. तू झोपलेली असतेस, म्हणून ती दोन वर्षांची असल्यापासून अशीच बोलते. बाहेर काढली, लांब नेली, तुझी खोली दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे आवाज फुटला."

फिलिपो दारात उभा होता. त्याने किती ऐकलं कोण जाणे. बहिणीसमोर तो बायकोची बाजू घेणार नव्हता. तो मान खाली घालून कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला गेला. पिशवी अर्धीच भरलेली होती.

त्या रात्री मी किन्सेला आजोबांची चादर बदलत होते आणि लोसाचं बोलणं डोक्यातून जाईना. दारावरचं ते चित्र मी किती जणांना दाखवलं होतं! कबूल करते, तिचं म्हणणं खरं आहे हे मला सिंकपाशीच कळलं होतं. पण खरं बोलली म्हणून राग गेला नाही. उलट वाढला. चुकीचं बोलली असती तर बरं झालं असतं.

तीन आठवड्यांची मुदत संपली तेव्हा पाद्रीणबाईंनी मेरिपाला ऐकलं आणि पास केलं. चर्चमध्ये घरासारखं कोणी झोपलेलं नसतं, त्यामुळे मैदानात फुटलेला आवाज आता तिथेही निघाला. राहिला माझा प्रश्न. आमच्या वृद्धाश्रमात रात्रपाळीला सहा सामोअन बायका आहोत आणि सहाही जणींनी एकाच शनिवारची रात्र सुट्टी मागितली. पर्यवेक्षिका डोक्याला हात लावून बसली. मग तिने चिठ्ठ्या टाकल्या. दोघींना सुट्टी मिळाली. त्यांत मी नव्हते.

लोसाने न विचारता वेळापत्रक मांडलं. "शनिवारी दिवसभर झोप. काही करू नकोस, मी आहे. रविवारी पाळीवरून आलीस की तासभर पड. मी उठवीन. शपथ घेऊन सांगते, उठवीन."

गेल्या वर्षी असल्याच एका पडण्याने मला गिळलं होतं. आणि समजा तिने उठवलं, तर मी चर्चला कोणाच्या कृपेने गेले? तिच्या. मी म्हटलं, "बघू."

शनिवारी सकाळी आले तर मेरिपाचा पांढरा फ्रॉक दाराला टांगलेला. लोसाने शिवलेला. घरात शिवणयंत्राचा आवाज होतो म्हणून तीन संध्याकाळी मैत्रिणीकडे जाऊन शिवलेला. बारीक चुण्या, गोल गळा, पाठीवर बो. नाव ठेवायला जागा नाही. मी तो घेऊन खोलीत गेले, दार लावलं, फॉइलची एक कड सोलून उजेड आत घेतला, आणि ब्लेडने गळ्याची शिवण उसवली.

मग हाताने पुन्हा शिवली. सुई धरल्या धरल्या डोळ्यांवर झापड यायची, बोटात टोचायचं, पांढऱ्यावर रक्त पडू नये म्हणून बोट तोंडात धरायचं आणि पुन्हा टाका घालायचा. टाके वाकडे आले. दोनदा उसवले. संध्याकाळचे पाच वाजले तेव्हा गळा झाला, यंत्रावरच्यापेक्षा वाईट, पण माझा. त्या फ्रॉकमधलं काहीतरी मी केलेलं होतं. त्या सबंध दिवसात डोळ्याला डोळा लागला नाही, आणि त्यातच मागच्या रविवारी इथल्या उन्हाळी वेळेप्रमाणे घड्याळं तासभर पुढे गेलेली, अंगाला अजून जुनीच वेळ लागलेली. नऊला मी कामावर निघाले. लोसाने गळा पाहिला होता. तिने फ्रॉक तसाच पुन्हा दाराला टांगला.

रविवारी दहाला मी चर्चमध्ये होते. पहिला बाक, मधल्या वाटेकडची जागा. लोसा आपण होऊन शेवटच्या बाकावर गेली. तेही मला झोंबलं. तिने जागा सोडायला ती तिची होती का? आत गरम होत होतं. सगळीकडे पांढरंच पांढरं, खिडक्यांतून ऊन, दोनशे माणसं एका सुरात गात होती. मी जिभेखाली लवंग धरली होती. मांडीला चिमटे काढले. फिलिपोला सांगून ठेवलं होतं, मी डुलले तर कोपर मार. लहान मुलांचा घोळका झाला. एक मुलगा मध्येच अडकून रडला, त्याचा बाप त्याला उचलून घेऊन गेला. पाद्रीणबाईंनी मेरिपाचं नाव घेतलं. ती तुरुतुरु पुढे आली. गळा एका बाजूला जरा वर चढला होता. मी म्हटलं, आता नाही. आता मेले तरी नाही. तिने छाती भरून घेतली आणि पहिली ओळ त्या खणखणीत आवाजात सुरू झाली, आणि मला वाटलं, चला, पोचलो, आणि त्या सुटकेनेच माझा घात केला.

मला जाग आली ती शांततेने.

आधी बारा नंबरची खोली आठवली. श्वास थांबलाय, पळ! डोळे उघडले तर समोर मेरिपा उभी. ओठ हलत होते. आवाज नव्हता. ती माझ्याकडे बघत होती, उजवा हात कमरेशी धरून हवेत हळूहळू थापटत होती, मांडीवरचं मूल थापटावं तसा, आणि कुजबुजत वचन म्हणत होती. दोनशे माणसं पुढे वाकून ऐकायचा प्रयत्न करत होती. पाद्रीणबाई हाताने वर, वर, अशी खूण करत होत्या. पोरगी त्यांच्याकडे ढुंकून बघत नव्हती. फिलिपोने नंतर सांगितलं, त्याने तीनदा कोपर मारलं होतं.

मी उठून उभी राहिले. चर्चमध्ये, वचनाच्या मध्ये.

"मेरिपा! मी जागी आहे गं!"

लोक दचकले. मागून कोणीतरी हसलं.

तिचा हात थांबला. "नक्की?" ती कुजबुजली. तिथल्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"नक्की! ओरड! हवं तेवढं ओरड, नाही झोपत मी!"

मग हशा पिकला, अगदी पाद्रीसाहेबसुद्धा हसले. मेरिपाने हशा विरायची वाट पाहिली, पाय जवळ घेतले, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मैदानातल्या आवाजात. सहाच्या सहा ओळी मी ऐकल्या, एकही अक्षर गळलं नाही. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या डोक्यावरून मागे बघत होती. मी वळले. शेवटच्या बाकाजवळ लोसा उभी होती आणि प्रत्येक ओळीला हात वर करत होती. तिचे गाल ओले झाले होते. मला तिचा त्या क्षणीही हेवा वाटला, कारण तिला तिथे उभं राहून पोरीचा सगळा चेहरा दिसत होता आणि तो आवाज तिच्यापर्यंत पोचवायचा होता. फक्त, आवाज तिच्याकडे जाताना माझ्या अंगावरून गेला. तेवढा माझा.

घरी आल्यावर मी बूट काढायच्या आधी दारावरचं चित्र काढलं. फाडलं नाही, घडी घालून तांदळाच्या डब्यात फोनशेजारी ठेवलं. टेबलावर कोंबडी, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, उकडलेले कंद, आइस्क्रीम. मेरिपा एकटीच खुर्चीत, राणीसारखी. आम्ही तिघं हातात वाढायचं घेऊन उभी. मेरिपाने दाराकडे पाहिलं. चित्राच्या जागी चिकटपट्टीचे चार डाग होते. ती तिकडे बघत कंद चावत राहिली.

"तू आता झोपणार नाहीस?" तिने मला विचारलं, हळूच.

"झोपणार. तू बोलत राहा. मला ते यंत्र उठवतं, काकाकुवे उठवतात, एक तू उठवलंस तर काय बिघडतं?"

तिने विचार केला. मग मान मागे टाकली, छाती भरून घेतली, आणि घर हादरेल अशी हाक मारली, "आंटीऽऽ! अजून कोंबडी!"

फिलिपोच्या हातातला डाव खाली पडला. चार वर्षांत आमच्या घरात पहिल्यांदा माझ्या मुलीचा आवाज चढला होता, आणि चढला तो लोसाच्या नावाने. लोसा ओव्हनपाशी थबकली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कोंबडीचं ताट माझ्यापुढे धरलं.

माझ्या पोटात नेहमीच्या जागी पेटलं. मी ताट घेतलं आणि जाऊन मेरिपाला वाढलं.